वाळूवर अंथरायची वाट आणि तिच्याभोवतीच्या सोयी : काय घ्यावं, काय टाळावं

किनाऱ्यावर लोकांसाठी सोयी करायचं ठरलं की आराखड्यात आधी पक्की वाट येते. मग कठडे, बाक, व्यायामाची साधनं, पाय धुवायचे नळ, आणि पैसे उरलेच तर फलकांची एक रांग. उद्घाटनाच्या दिवशी सगळंच छान दिसतं. दोन वादळी हंगाम गेल्यावर त्यातलं काय वापरण्याजोगं उरतं, त्यावरून या सामग्रीला गुण द्यायला हवेत. आम्ही ते तसेच दिले आहेत.

आढाव्याचा मुख्य विषय आहे वाळूवर अंथरायच्या विणलेल्या चटया, म्हणजे व्हीलचेअर, बाबागाडी आणि काठी घेऊन चालणाऱ्यांना पाण्याजवळ नेणारी गुंडाळती वाट. मोबी-मॅट हे यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. तशाच विणीच्या चटया इतर उत्पादकही बनवतात आणि खालच्या गोष्टी त्या साऱ्यांना लागू पडतात. निकाल आधीच सांगतो : वाळूवरच्या वाटेसाठी यापेक्षा शहाणी खरेदी आज नाही, पण ती रोज झाडणारा माणूस चटईच्या आधी नेमलेला असला पाहिजे. तो नसेल तर पैसे अक्षरशः वाळूत जातात.

पक्की वाट का नको, हे थोडक्यात. पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, एका जागी बसून राहत नाही. वादळी लाटा वाळू ओढून आत समुद्रात नेतात, शांत हंगामात तीच वाळू हळूहळू परत येते. पुष्कळ किनाऱ्यांवर या ये-जा करण्यात पुळणीची पातळी वर्षभरात मीटरभर वरखाली होते. मग काँक्रीटची वाट एका हंगामात वाळूखाली गाडली जाते आणि दुसऱ्यात अधांतरी लोंबते. त्यात लाट काँक्रीटच्या कडेवर आपटून परत फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, त्यामुळे वाट तिच्या स्वतःच्याच कडेने पोखरली जाते. काँक्रीट रस्त्यापासून पुळणीच्या माथ्यापर्यंत ठीक, पुढे नको.

आता लांबीचा प्रश्न. आराखड्यात सहसा ‘पाण्यापर्यंत वाट’ असं लिहून मोकळे होतात. पण पाणी नेमकं कुठे असतं? भरती-ओहोटीचा फरक ३ मीटर आणि पुळणीचा उतार १:४० (४० मीटर अंतरात एक मीटर) असेल, तर पाण्याची कड दिवसातून दोनदा १२० मीटर पुढेमागे होते. भूमध्य समुद्रावर हाच फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत असतो. तिथे १:१५ उताराच्या पुळणीवर पाणी साडेसात मीटरच सरकतं. म्हणून तिथल्या किनाऱ्यांचे फोटो पाहून ‘आम्हालाही अशीच वाट थेट पाण्यात नेऊन द्या’ अशी मागणी मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावर करण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांसाठी सुगम्यतेचे निकष ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०१३ मध्ये तिथल्या केंद्रीय जमिनींवरील मैदानी सुविधांसाठी जे नियम केले, त्यांत भरतीच्या किनाऱ्यावर वाट भरतीरेषेपर्यंत नेणं पुरेसं मानलं आहे, आणि ती काढता-घालता येणारी असली तरी चालते. हे व्यवहाराला धरून आहे. भरतीरेषेच्या खाली बारीक वाळू ओली आणि घट्ट असते, तिच्यावर रुंद चाकाची खुर्ची चटईविना चालते. वाळू भरड किंवा गोट्यांची असेल तर मात्र खालचा भागही रुततो. अशा ठिकाणी चटईच्या लांबीचा हिशेब नव्याने करावा लागेल, किंवा जागाच दुसरी निवडावी लागेल.

त्याच नियमांतले बाकीचे आकडेही उपयोगी आहेत. वाटेची मोकळी रुंदी किमान १५२५ मिमी. उतार १:२० पर्यंत असेल तर लांबीचं बंधन नाही. १:१२ असेल तर सलग १५ मीटर, १:१० असेल तर सलग ९ मीटर, मग विसाव्याची सपाट जागा. १:१० पेक्षा तीव्र उतार कुठेच नको. फटी १३ मिमीपेक्षा मोठ्या नकोत. बाजारात मिळणारी दीड मीटर रुंदीची चटई या मापाला थोडी कमीच पडते. एक खुर्ची आणि शेजारून चालणारा माणूस एवढंच तिच्यावर मावतं. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या की एकीला वाळूत उतरावं लागतं, आणि वाळूत उतरलेली साधी खुर्ची एकट्याच्या हाताने परत वर येत नाही. रुंद चटई परवडत नसेल तर दर २५-३० मीटरवर बाजूला दीड मीटर लांबीचा तुकडा जोडून बाजूला थांबायची जागा द्या. टोकाला मात्र वळायला चौरस जागा लागतेच, किमान दीड बाय दीड मीटर. बहुतेक खरेद्यांत हाच तुकडा ‘नंतर घेऊ’ म्हणून राहतो. परिणामी खुर्ची पाण्यापर्यंत जाते आणि उलट्या चाकांनी परत येते.

अंथरणं सोपं आहे, नीट अंथरणं तितकं सोपं नाही. आधी दोरी बांधून रेषा आखा. दंताळ्याने वाळू सपाट करा आणि मधला भाग कडांपेक्षा अगदी किंचित उंच ठेवा, म्हणजे चटईची पन्हळ होणार नाही. कोरडी वाळू असेल तर पाणी मारून तुडवून घ्या. गुंडाळी पक्क्या जमिनीच्या टोकाकडून उलगडा, दोघांनी ओढून ताण द्या आणि मगच खुंट्या ठोका. खुंटी चटईसोबत आलेलीच वापरायची असा काही दंडक नाही. भुसभुशीत वाळूत आखूड खुंटी दोन दिवसांत वर येते आणि अनवाणी पायाला लागते. तिथे ४५ ते ६० सेंमी लांबीच्या खुंट्या घ्या, डोकं चपटं असू द्या आणि ते विणीच्या पातळीच्या खाली जाईपर्यंत ठोका. सांध्यांजवळ खुंट्या दाट, मधल्या लांबीत दीड-दोन मीटरवर एक. दोन गुंडाळ्यांची टोकं एकमेकांवर चढवून ठेवायचा मोह होतो. तो टाळा. चढवलेल्या कडेची जेमतेम सेंटिमीटरभर पायरीसुद्धा खुर्चीचं पुढचं छोटं चाक अडवायला पुरते. जोडपट्टी वापरा.

सगळ्यांत जास्त बिघडणारी जागा ही नव्हेच. ती आहे चटई आणि पक्क्या वाटेचा सांधा. काँक्रीटच्या कडेलगतची वाळू येण्याजाण्याने खचते, आठवडाभरात चार-पाच सेंमीची पायरी तयार होते, आणि सगळी ६० मीटरची वाट त्या एका पायरीपायी निरुपयोगी ठरते. उपाय साधा आहे : चटईचा पहिला मीटरभर भाग काँक्रीटवर घ्या, तिथे तो पट्टी आणि बोल्टने दाबून बसवा, आणि कडेखालची वाळू दर आठवड्याला भरून ठोकून घ्या. पट्टी काढता येणारी हवी, चिकटवलेली नको.

वाऱ्याबद्दल माहितीपत्रकं फारशी बोलत नाहीत. विणीतून वाळू खाली गळून जाते हे खरं आहे, पण ते पायाने आलेल्या वाळूपुरतं. वाऱ्याने येणारी कोरडी वाळू चटईवर पातळ थर करून बसते, आणि दोन सेंटिमीटरचा कोरडा थर पुढची चाकं रुतवायला पुरेसा आहे. वाट वाऱ्याच्या दिशेला आडवी असेल तर वाऱ्याकडच्या कडेला बांध तयार होतो. दिशेला समांतर असेल तर त्रास कमी होतो. आखणीच्या वेळी वाट थोडी तिरकी घेता येत असेल तर घ्या, वाढीव पाच-सात मीटर चटई झाडणाऱ्याच्या मजुरीपुढे स्वस्त पडते. झाडायला खराटा वापरा, फावडं नको, फावड्याच्या धारेने वीण तुटते. थर जास्त असेल तर दोघांनी दोन्ही कडा धरून चटई उचलून झटकायची. हे रोज झालं तर काही मिनिटांचं काम आहे. तीन आठवडे नाही झालं तर चटई गाडली जाते. मग ती उकरावी लागते, आणि उकरताना ओढाओढीत कडेची शिवण उसवते. आमच्या मते चटया झिजून कमी मरतात, उकरताना जास्त.

रंग निळा घ्या. अंधुक दिसणाऱ्यांना फिकट वाळूवर निळी पट्टी दुरून कळते, आणि त्यासाठीच तो रंग रूढ झाला आहे. वाळूशी मिळताजुळता बदामी रंग वास्तुविशारदांना फार आवडतो. चित्रात सुंदर दिसतो आणि ज्याला वाट शोधायची आहे त्याला दिसत नाही. काळा रंग उन्हात अनवाणी पावलांना सोसत नाही. पॉलिएस्टरची चटई कापायची वेळ आली तर तापवलेल्या पात्याने कापा, म्हणजे धागे वितळून कड बंद होते. कात्रीने कापलेली कड लगेच उसवायला लागते.

उचलण्याची सोय हा या वस्तूचा खरा गुण आहे. सहा गुंडाळ्यांची ६० मीटरची वाट चार माणसं एका सकाळीत उचलतात, वाळूखाली गेलेली नसेल तर. वादळाचा इशारा मिळाला की ती उचलली गेली पाहिजे, आणि कोणी, कुणाच्या सांगण्यावरून, कुठे ठेवायची हे कागदावर आधीच ठरलेलं हवं. उधाणाच्या दिवसांत खालची एक गुंडाळी काढून ठेवायची पद्धत लावा. लाटेचा फेस चटईखाली शिरला की ती फुगते, खुंट्या उपटते आणि एका भरतीत अर्धी गाडली जाते. साठवण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, जमिनीपासून उंचावर ठेवा, आणि प्रत्येक गुंडाळीवर क्रमांक टाका. कासवं अंडी घालायला येतात अशा किनाऱ्यावर त्या हंगामात चटई रात्री उचलायलाच हवी. तिच्या कडा आणि खुंट्या मादीला आणि पिल्लांना, दोघांनाही अडवतात. चटईला आमच्याकडून दहापैकी आठ. एक गुण वाऱ्याचा गेला, एक रुंदीचा.

लाकडी फळ्यांची वाट वेगळ्या कामाची आहे. वाळूच्या टेकड्यांवर वनस्पती असतात, त्यांच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. तिथून लोकांची पायवाट पडली की झाडोरा मरतो, मग वारा त्या खाचेतून वाळू उपसून नेतो. म्हणून टेकडी ओलांडायला खांबांवर उचललेली फळ्यांची वाटच हवी. ती इतकी उंच असावी की खालच्या वनस्पतींना ऊन मिळेल आणि वाळू साचायला जागा राहील. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, फट ६ ते १० मिमी. उभ्या फळ्यांच्या फटीत काठीचं टोक आणि चाक दोन्ही अडकतात. समुद्राकडचा शेवटचा टप्पा बोल्ट काढून वेगळा करता येईल असा ठेवा. वादळात तो तुटून जाणारच असेल तर निदान मागची सगळी वाट सोबत ओढून नेणार नाही. तांबेयुक्त द्रव्याने मुरवलेल्या लाकडात साधे जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरू नका. लाकडातलं तांबं आणि खारी ओल मिळून ते खातात. स्टेनलेसच हवेत.

पुनर्वापरित प्लॅस्टिकच्या फळ्या विकणारे ‘देखभाल शून्य’ म्हणतात. कुजत नाहीत एवढं खरं. पण उष्णतेने त्या भरपूर वाढतात. पॉलिएथिलीनची ३ मीटरची फळी तापमानात ४० अंशांचा फरक पडला की साधारण १२ ते २४ मिमी लांब होते. थंड सकाळी टोकाला टोक भिडवून बसवल्या तर दुपारी फळ्या कमानीसारख्या वर येतात. भोकं लांबट पाडा, टोकाला फट सोडा, आणि खालच्या आडव्या तुळयांमधलं अंतर लाकडापेक्षा कमी ठेवा, कारण हे प्लॅस्टिक सततच्या भाराने हळूहळू वाकतं. काचतंतूच्या जाळ्या ताकदीला उत्तम, गंज नाही, वजनाला हलक्या. पण उन्हाने वरचा राळेचा थर झिजला की काचेचे बारीक तंतू उघडे पडतात आणि अनवाणी पावलात शिरतात. सेवा-रस्त्याला ठीक, नहाणाऱ्या लोकांच्या वाटेवर नको. एकमेकांत अडकवायच्या प्लॅस्टिक लाद्यांच्या खाचा वाळूने भरतात आणि मग त्या सुटता सुटत नाहीत. लहान कार्यक्रमापुरत्या बऱ्या.

चटईच्या टोकाला खुर्ची हवी, नाहीतर वाट फक्त बघायला नेते. फुगीर चाकांच्या, पाण्यात तरंगणाऱ्या खुर्च्या मिळतात. त्यांच्या टायरमधला दाब जेमतेम २ ते ४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असतो. गाडीचं टायर भरायच्या यंत्राने हवा भरली की टायर फुटतो किंवा कडक होऊन वाळूत रुततो, म्हणून हातपंप आणि कमी दाबाचा मापक खुर्चीसोबतच मागवा. बसणाऱ्याला ही खुर्ची स्वतः ढकलता येत नाही, मदतनीस लागतोच. तरंगते म्हणून ती जीवरक्षक साधन होत नाही. छातीइतक्या पाण्यात आडवी लाट आली तर ती उलटते. शांत पाणी, गुडघ्या-मांडीपर्यंत खोली, आणि धरायला दोन माणसं, ही मर्यादा फलकावर लिहा. आणखी एक बारकी गोष्ट खरेदीत हमखास निसटते : साठवण-खोलीचं दार. फुगीर चाकांची खुर्ची साध्या दारातून जात नाही. मग ती बाहेर उन्हात राहते आणि टायर दोन हंगामांत कडक पडतात. दाराची रुंदी खुर्चीच्या मापावरून ठरवा.

ग्रीसमध्ये विकसित झालेली सीट्रॅक ही सौरऊर्जेवर चालणारी रुळांवरची आसनव्यवस्था याहून पुढची आहे. बसणारा स्वतः रिमोटने आसन पाण्यात नेतो आणि परत आणतो, मदतीला माणूस लागत नाही. कल्पनेला पैकीच्या पैकी गुण. पण रुळांची लांबी ठरलेली असते, तेव्हा ती कमी भरतीच्या, शांत पाण्याच्या किनाऱ्याचीच वस्तू आहे. वर दिलेला १२० मीटरचा हिशेब आठवला तर मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावर रूळ दिवसातला बराच वेळ कोरड्या वाळूवर का पडून राहतील, ते कळेल. मोठ्या लाटांच्या हंगामात रूळ काढून ठेवावे लागतात, तो खर्च वार्षिक करारात धरा.

आता धातू. इथे सगळ्यांत जास्त फसवणूक होते, बहुतेकदा अज्ञानातून. ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच निविदेत लिहिलं की ३०४ क्रमांकाच्या प्रकाराचं येतं. त्यात क्रोमियम आणि निकेल असतं, मॉलिब्डेनम नसतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडला तेच तोंड देतं. दिसायला दोन्ही सारखी, आणि चुंबकाची चाचणी दोन्हींत फरक सांगत नाही. पोलाद-कारखान्याचं प्रमाणपत्र मागा आणि हातातल्या मिश्रधातू-मापकाने एक-दोन तुकडे तपासून घ्या. पण ३१६ सुद्धा रामबाण नाही. त्यावरही चहाचे डाग पडावेत तसा तपकिरी थर चढतो. गंमत म्हणजे पाऊस थेट पडतो तो वरचा भाग स्वच्छ राहतो, आणि कठड्याच्या पोटाकडचा, आडोशातला भाग डागाळतो, कारण तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही. पृष्ठभाग जितका खडबडीत तितकं मीठ जास्त धरतो. म्हणून घासलेला मॅट पृष्ठभाग टाळून गुळगुळीत घ्या, खडबडीतपणाचं माप ०.५ मायक्रॉनच्या आत. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं हे यातलं सगळ्यांत स्वस्त औषध.

साध्या पोलादाला जस्ताचा गरम मुलामा देतात. आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ६ मिमीपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन जस्त बसायला हवं. आयएसओ ९२२३ मध्ये हवेच्या गंजकारकतेचे वर्ग आहेत. त्यांतल्या सी-५, म्हणजे अतिशय गंजकारक हवेच्या, वर्गात जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. म्हणजे ८५ मायक्रॉनचं आयुष्य १० ते २० वर्षं. लाटांच्या तुषारांत, सर्वांत वरच्या सीएक्स वर्गात, झीज ८.४ च्या पुढे २५ पर्यंत जाते, आणि हाच मुलामा साडेतीन वर्षांतही संपू शकतो. एकाच किनाऱ्यावर रस्त्याकडचा बाक आणि पुळणीवरचा बाक यांच्या आयुष्यात एवढा फरक पडतो, तरी निविदेत दोघांना एकच ओळ असते.

व्यायामाच्या साधनांची तपासणी याच नजरेने करा. युरोपात त्यांच्यासाठी ईएन १६६३० हे मानक आहे, पण ते वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेचं आहे, गंजाचं नाही. विक्रेता मानकाचा कागद दाखवतो तेव्हा हे लक्षात ठेवा. पावडर कोटिंग थेट पोलादावर असेल तर वेल्डच्या कडेला ते पहिल्यांदा तडकतं, खाली खारं पाणी शिरतं आणि रंगाचा फुगा येतो. आधी जस्त, मग पावडर, हा क्रम लेखी घ्या. पोकळ नळ्यांना तळाशी पाणी निघायला भोक हवं. ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट बसवताना मधे नायलॉनची वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि बेअरिंग? झुलणाऱ्या, फिरणाऱ्या प्रत्येक साधनाचं मरण बेअरिंगमध्ये असतं. आत बारीक वाळू शिरली की आधी आवाज, मग ढिलेपणा. लाटांच्या जवळ हलते भाग असलेली साधनं घेऊच नका. लोंबकळायचे आडवे दांडे, समांतर दांडे, तिरका बाक एवढं पुरतं, आणि वापरही त्यांचाच जास्त होतो. झुलत्या साधनांना आमच्याकडून दहापैकी तीन.

पाय धुवायच्या नळाला आपोआप बंद होणारी दाबकळ घ्या. मिनिटाला ८ लिटर आणि १५ सेकंदांचा दाब धरला तर एका वेळी २ लिटर पाणी जातं. चालू राहिलेल्या साध्या तोटीचा हिशेब कोणी ठेवत नाही. खरी अडचण निचऱ्याची आहे. पायाची वाळू थेट नळीत गेली की महिन्याभरात नळी बंद. नळाखाली आडव्या भिंतीचा दोन कप्प्यांचा वाळूसापळा करा, झाकण एका माणसाला उचलता येईल इतकं हलकं ठेवा आणि गर्दीच्या हंगामात तो दर आठवड्याला उपसा. झाकण जड असलं की उपसणं थांबतं, हे ठरलेलं आहे. साबणाला मनाई करा, पाणी शोषखड्ड्यात जिरवा.

कपडे बदलायची खोली मोठ्या माणसाला, मदतनिसासह, आडवं झोपवून कपडे बदलता येतील अशी हवी. ब्रिटनमधल्या चेंजिंग प्लेसेस या मोहिमेने त्यासाठी ३ बाय ४ मीटर खोली, छताला धावता उचलयंत्र आणि मोठ्यांच्या मापाचा बाक असं प्रमाण रूढ केलं. २०२१ पासून इंग्लंडमध्ये ठरावीक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत ती सक्तीची आहे. लहान मुलांचा घडीचा बाक भिंतीला लावून ‘सुलभ कक्ष’ म्हणणं ही पळवाट आहे.

मांडणीतली एक गोष्ट मात्र कुठल्याही वस्तूपेक्षा महत्त्वाची आहे. चटई जिथे संपते तिथे लोक पाण्यात उतरतात. कुटुंबं तिथेच पथारी टाकतात, मुलं तिथूनच धावतात. तेव्हा वाट वाहनतळाला जवळची म्हणून नव्हे, तर पाणी तिथे कसं वागतं ते पाहून आखा. दगडी बांधाच्या अंगाला समुद्राकडे ओढणारा प्रवाह तयार होतो, आणि नेमकं तिथेच वाहनतळ आणि पायऱ्या असतात. जीवरक्षकाचा मनोरा वाटेच्या टोकाला दिसेल असा हवा, वाट नंतर आणि मनोरा आधी. ध्वजांसाठी आयएसओ २०७१२ चं मानक पाळा : वर लाल खाली पिवळा म्हणजे इथे पोहा, पहारा आहे. पिवळा म्हणजे मध्यम धोका, लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. ध्वज उन्हाने फिके पडतात, आणि विटलेला लाल दुरून नारिंगी-पिवळसर दिसतो, म्हणून सुटे ध्वज कपाटात तयार हवेत. दिवे लावायचे तर खाली, झाकलेले, पिवळसर-तांबूस, ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचे. पांढऱ्या उंच दिव्यांमुळे कासवांची पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात.

खरेदीच्या कागदात एवढं असू द्या : एकूण लांबीच्या दहा टक्के सुटी चटई, जोडपट्ट्या आणि खुंट्या त्याहून जास्त, टोकाचा चौरस तुकडा पहिल्याच मागणीत, धातूच्या प्रत्येक भागाचा प्रकार आणि मुलाम्याची जाडी, आणि झाडणं-उचलणं-धुणं यांची माणसं व तास देखभाल-करारात. आणि सगळी लांबी एकदम घेऊ नका. नमुन्याची एक १० मीटरची गुंडाळी मागवा, वाऱ्याच्या दिवसांत महिनाभर ठरलेल्या जागी अंथरा, वाळू कुठल्या कडेला साठते ते पाहून रेषा बदला, मगच बाकीची मागणी नोंदवा.